औषधाच्या मापात पाप नको

(पंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



बाजारात ज्वारी घेणारे गिऱ्हाईक तराजूच्या काट्यावरची नजर हलू देत नाही. वजनावर शासनाचा शिक्का आहे किंवा नाही, हेही एखादा चौकस माणूस पाहून घेतो. मापात पाप करणाऱ्या दुकानदाराची गावात नाचक्की होते आणि गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानाची वाट धरते. तेच गिऱ्हाईक जेव्हा तापाने फणफणलेल्या मुलासाठी औषधाच्या दुकानात जाते, तेव्हा मात्र त्याच्यासमोर कोणताही काटा नसतो. वेष्टनावर '५०० मिलिग्रॅम' असे छापलेले असते आणि त्या छापील आकड्यावर विश्वास ठेवण्यावाचून त्याला गत्यंतर नसते. गोळीत खरोखर किती औषध आहे, हे डोळ्यांना दिसत नाही, जिभेला कळत नाही आणि घरगुती तराजूलाही सांगता येत नाही.

हा विश्वास सार्थ ठरविण्याची जबाबदारी समाजाच्या वतीने प्रयोगशाळा पार पाडतात. औषधातील मूळ द्रव्याचे मोजमाप त्या कसे करतात आणि अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदन या पद्धतीने त्या कामी कोणती नवी दृष्टी दिली, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे. विषय शास्त्रीय असला तरी त्याचा संबंध प्राथमिक आरोग्य केंद्रातील औषधांच्या कपाटाशी आणि शाळेच्या प्रथमोपचार पेटीशी आहे. म्हणूनच तो पंचायत सदस्यांनी व शिक्षकांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

वजन बरोबर, द्रव्य चूक

मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९८६ च्या आरंभी घडलेली दुर्घटना महाराष्ट्र विसरलेला नाही. औषध म्हणून देण्यात आलेल्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य मिसळलेले होते आणि त्यामुळे १४ रुग्णांना प्राणास मुकावे लागले. या प्रकरणाच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग नेमण्यात आला आणि औषधांच्या खरेदीपासून तपासणीपर्यंतच्या साऱ्या व्यवस्थेवर त्यामुळे झगझगीत प्रकाश पडला. दोन्ही द्रव्ये दिसावयास पाण्यासारखी स्वच्छ, दोन्ही दाट, दोन्ही गोडसर. एक औषधी, तर दुसरे मूत्रपिंड निकामी करणारे. बाटलीत माप पुरेपूर भरलेले असले, तरी ते माप कशाचे आहे हा प्रश्न उरतोच.

असाच प्रश्न गोळीच्या बाबतीतही उद्भवतो. गोळी म्हणजे निव्वळ औषध नव्हे. तिला आकार यावा, ती हाताळताना फुटू नये, पोटात गेल्यावर वेळेवर विरघळावी, यासाठी तिच्यात स्टार्च, सेल्युलोज, मॅग्नेशियम स्टिअरेट, शंखजिरे यांसारखे पूरक पदार्थ घातलेले असतात. ५०० मिलिग्रॅम औषध असलेली गोळी प्रत्यक्षात ६०० मिलिग्रॅम भरू शकते. औषध कमी करून पूरक पदार्थ तेवढाच वाढविला, तर गोळीचे वजन जसेच्या तसे राहील. म्हणजे येथे तराजू निरुपयोगी ठरतो.

शिवाय प्रत्येक वेळी लबाडीच कारणीभूत असते असेही नाही. ॲस्पिरिनच्या गोळ्या दमट हवेत दीर्घकाळ पडून राहिल्या, तर ओलाव्यामुळे त्या द्रव्याचे विघटन होऊन सॅलिसिलिक आम्ल व ॲसेटिक आम्ल तयार होते. अशा गोळ्यांना व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो, तो यामुळेच. कारखान्यातून निघताना औषध पुरेपूर असते, पण पावसाळ्यात गळक्या खोलीत त्याचा कस उतरतो. गोळीचा रंग तोच, वजन जवळपास तेच, पण औषध मात्र घटलेले!

झोपाळा आणि भोवरा

अशा वेळी पदार्थाचा प्रत्यक्ष रेणूच ओळखणारी आणि मोजणारी पद्धत हवी. अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदन ही तशी पद्धत आहे. हे लांबलचक नाव ऐकून बिचकण्याचे कारण नाही. रुग्णालयात ज्याला 'एम.आर.आय.' म्हणतात, ते यंत्रही याच तत्त्वावर चालते. तेथे शरीराचे चित्र काढले जाते, येथे रेणूंची गणती केली जाते.

बहुतेक सर्व औषधांच्या रेणूंमध्ये हायड्रोजनचे अणू असतात. हायड्रोजनच्या अणूचे केंद्रक एखाद्या चिमुकल्या लोहचुंबकासारखे वागते. त्याला प्रबळ चुंबकीय क्षेत्रात ठेवले, की फिरणारा भोवरा जसा कलून डोलतो, तसे ते ठराविक गतीने डोलू लागते. झोपाळ्याला त्याच्या लयीत हलका धक्का दिला, तर झोका चढत जातो. लय चुकली, तर धक्का वाया जातो. तद्वतच केंद्रकाच्या डोलण्याच्या लयीशी जुळणारी रेडिओलहर सोडली, तर केंद्रक ती ऊर्जा ग्रहण करते आणि मग स्वतःच्या लयीत क्षीणसा प्रतिसाद देते. या लय जुळण्यालाच अनुस्पंदन म्हणतात. जुळविलेल्या तंबोऱ्याची एक तार छेडली असता तिच्याशी सुरात असलेली दुसरी तार आपोआप झंकारते, हा अनुभव संगीताच्या जाणकारांना आहेच.

या कामी लागणारे चुंबक मात्र असामान्य असते. ४०० मेगाहर्ट्झच्या यंत्रातील चुंबकीय क्षेत्र ९.४ टेस्ला, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या सुमारे दोन लाख पट असते. त्यातील तारेचे वेटोळे विद्युतरोध नाहीसा व्हावा म्हणून शून्याखाली सुमारे २६९ अंश सेल्सिअस तापमानाच्या द्रवरूप हेलियममध्ये बुडवून ठेवावे लागते.

आता खरी गंमत पुढे आहे. रेणूतील सर्व हायड्रोजन एकाच लयीत डोलत नाहीत. प्रत्येकाच्या अवतीभवती कोणते अणू आहेत, त्यावर त्याची लय किंचित बदलते. त्यामुळे यंत्राने काढलेल्या आलेखावर वेगवेगळ्या ठिकाणी शिखरे उमटतात. शिखर कोठे उमटले, यावरून हायड्रोजन कोणत्या प्रकारचा आहे ते कळते. शिखराचे क्षेत्रफळ किती, यावरून असे हायड्रोजन किती आहेत ते कळते. शाळेत एका वर्गातील मुले पाढे म्हणत आहेत आणि दुसऱ्या वर्गातील कविता म्हणत आहेत, अशी कल्पना करावी. व्हरांड्यातून जाणाऱ्या मुख्याध्यापकांना शब्दांवरून वर्ग ओळखता येतो आणि आवाजाच्या मोठेपणावरून हजेरीचा अंदाज येतो. मुख्याध्यापकांचा तो अंदाजच असतो, पण यंत्राची गणती मात्र काटेकोर असते.

मुंबईशी जुळलेला धागा

या शास्त्राचा इतिहास फार जुना नाही. फेलिक्स ब्लॉख आणि एडवर्ड पर्सेल या दोन शास्त्रज्ञांनी अमेरिकेत स्वतंत्रपणे काम करून हे अनुस्पंदन घन व द्रव पदार्थांत प्रथम नोंदविले आणि त्याबद्दल १९५२ साली त्यांना भौतिकीचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. १९५१ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात अर्नोल्ड, धर्मट्टी व पॅकार्ड या तिघांनी साध्या अल्कोहोलचा आलेख काढला. त्यात तीन निरनिराळी शिखरे दिसली. अल्कोहोलच्या रेणूत तीन, दोन आणि एक असे तीन प्रकारचे हायड्रोजन असतात आणि शिखरांची क्षेत्रफळेही त्याच प्रमाणात होती. रेणूतील अणूंची अशी शिरगणती करता येते, हे त्या आलेखाने दाखवून दिले. त्या तिघांपैकी एस. एस. धर्मट्टी पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि भारतातील या शास्त्राचा पाया त्यांनी तेथे घातला.

औषधांच्या मोजमापासाठी या पद्धतीचा उपयोग लवकरच सुरू झाला. ॲस्पिरिन, फेनासेटिन आणि कॅफीन या तिहेरी मिश्रणाच्या गोळ्या त्या काळी डोकेदुखीवर सर्रास घेतल्या जात. १९६३ साली हॉलिस या संशोधकाने हे तिन्ही घटक एकमेकांपासून वेगळे न करता, एकाच आलेखावरून तिघांचेही प्रमाण मोजून दाखविले. प्रत्येक घटकाचे शिखर आपापल्या जागी उमटत असल्यामुळे ते शक्य झाले. मूत्रपिंडास घातक ठरल्याने फेनासेटिन पुढे भारतासह अनेक देशांत वापरातून काढून टाकण्यात आले, परंतु मोजणीची ती रीत टिकून राहिली.

गोळीचा हिशेब

प्रत्यक्ष मोजणी कशी होते, हे पॅरासिटॅमॉलच्या उदाहरणावरून पाहू. पुढील आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत.

वीस गोळ्या तोलून त्यांचे सरासरी वजन काढले, ते ६०० मिलिग्रॅम भरले. त्या कुटून एकजीव केलेल्या भुकटीतून ३० मिलिग्रॅम भुकटी घेतली. तिच्यात ज्याची शुद्धता पक्की ठाऊक आहे, असे मॅलेइक आम्ल ११.६ मिलिग्रॅम काटेकोरपणे तोलून घातले. हे आम्ल म्हणजे येथील प्रमाणित वजन समजावे. मग दोन्ही पदार्थ योग्य द्रावकात विरघळविले. द्रावकात साधा हायड्रोजन असला, तर त्याच्याच आवाजात बाकीचे आवाज बुडून जातील. म्हणून जड हायड्रोजन असलेला द्रावक वापरतात. न विरघळणारे पूरक पदार्थ गाळून टाकतात आणि स्वच्छ द्रावण काचेच्या बारीक नळीतून यंत्रात ठेवतात.

मॅलेइक आम्लाचा रेणुभार ११६ आहे. ११.६ ला ११६ ने भागले असता ०.१ हा आकडा येतो. ही रेणूंची तुलनात्मक संख्या झाली. या आम्लाच्या प्रत्येक रेणूतील दोन हायड्रोजन एका शिखरात मोजले जातात, म्हणून त्या शिखराचा वाटा ०.२ होतो. पॅरासिटॅमॉलच्या रेणूत एका कार्बनला जोडलेले तीन हायड्रोजन आहेत आणि त्यांचे शिखर दूर, वेगळ्या जागी उमटते. समजा, पॅरासिटॅमॉलच्या शिखराचे क्षेत्रफळ मॅलेइक आम्लाच्या शिखराच्या २.४१ पट भरले. ०.२ ला २.४१ ने गुणून तीनाने भागले, की पॅरासिटॅमॉलच्या रेणूंची संख्या ०.१६०७ येते. पॅरासिटॅमॉलचा रेणुभार १५१. त्याने गुणले असता सुमारे २४.३ मिलिग्रॅम औषध त्या ३० मिलिग्रॅम भुकटीत आहे, असे सिद्ध होते. म्हणजेच ६०० मिलिग्रॅमच्या गोळीत सुमारे ४८५ मिलिग्रॅम. हे प्रमाण छापील आकड्याच्या ९७ टक्के आहे. भारतीय औषधकोशाने या गोळीसाठी ९५ ते १०५ टक्के अशी मर्यादा घातली असल्याने ही गोळी द्रव्याच्या मापात उत्तीर्ण ठरेल.

सातवीतील विद्यार्थ्याला करता येईल असाच हा त्रैराशिकाचा हिशेब आहे. त्यातील मर्म असे, की पॅरासिटॅमॉल मोजण्यासाठी शुद्ध पॅरासिटॅमॉलचा नमुना लागला नाही. प्रयोगशाळांतून सामान्यतः वापरल्या जाणाऱ्या वर्णलेखन पद्धतीत ज्या औषधाचे मोजमाप करावयाचे, त्याच औषधाचा प्रमाणित नमुना जवळ असावा लागतो. अनुस्पंदन पद्धतीत हायड्रोजन हेच समान नाणे असल्यामुळे एकच प्रमाण पदार्थ अनेक औषधांसाठी चालतो. म्हणूनच इतर प्रयोगशाळा जे प्रमाणित नमुने वापरतात, त्यांची शुद्धता ठरविण्याच्या कामी या पद्धतीला मोठे महत्त्व आले आहे. तराजू तपासणारा तराजू, असे तिचे वर्णन केले तर ते वावगे ठरणार नाही.

मघाच्या ॲस्पिरिनचेच उदाहरण घेतले, तर या आलेखावर ॲस्पिरिनचे शिखर खाली आलेले आणि शेजारी ॲसेटिक आम्लाचे नवे शिखर उगवलेले एकाच वेळी दिसते. किती उरले आणि कशात रूपांतर झाले, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे एका आलेखात मिळतात.

हेपॅरिनचा धडा

या पद्धतीची खरी कसोटी २००८ साली लागली. हेपॅरिन हे रक्त गोठू न देणारे औषध आहे. हृदयाच्या शस्त्रक्रियेत आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांचे रक्त यंत्राद्वारे शुद्ध करताना ते अत्यावश्यक असते. डुकराच्या आतड्याच्या अस्तरापासून ते काढले जाते. २००७ च्या अखेरीपासून अमेरिकेत हे औषध टोचल्यानंतर काही रुग्णांचा रक्तदाब एकाएकी कोसळू लागला, श्वास कोंडू लागला. सेंट लुईस येथील मुलांच्या रुग्णालयात रक्तशुद्धीकरणासाठी येणाऱ्या बालरुग्णांमध्ये हे लक्षात आल्यावर रुग्णालयाने ते आरोग्य यंत्रणेस कळविले. औषध घेतल्यानंतर अशी लक्षणे दिसून मृत्यू ओढवल्याच्या ८१ नोंदी अमेरिकेच्या औषध प्रशासनाकडे झाल्या. प्रत्येक मृत्यूचे थेट कारण हेच होते असे सिद्ध झाले नसले, तरी धोक्याची घंटा वाजली होती.

चक्रावून टाकणारी गोष्ट अशी, की तोपर्यंतच्या विहित कसोट्यांत हे औषध उत्तीर्ण होत होते. हेपॅरिनचे माप त्याच्या रक्त न गोठू देण्याच्या शक्तीवरून ठरविले जात असे आणि ती शक्ती तर पुरेपूर भरत होती. मग दोष कोठे होता? औषधाचा कच्चा माल चीनमधून आलेला होता. त्याचा अनुस्पंदन आलेख काढला असता, जेथे शुद्ध हेपॅरिनचे शिखर उमटते त्याच्या अगदी शेजारी एक आगंतुक शिखर दिसले. दोहोंतील अंतर मोजपट्टीच्या एका भागाच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याएवढे होते. मॅसॅच्युसेट्स तंत्रविज्ञान संस्थेतील राम शशिशेखरन् आणि इटली व अमेरिकेतील त्यांचे सहकारी यांनी या आगंतुकाची ओळख पटविली. कॉन्ड्रॉइटिन सल्फेट या प्राण्यांच्या कूर्चेपासून मिळणाऱ्या स्वस्त द्रव्यावर रासायनिक प्रक्रिया करून तयार केलेला तो पदार्थ होता. हेपॅरिनसारखीच शक्ती तो कसोटीत दाखवी, म्हणून मापात बसत असे. २००८ च्या मध्यास अमेरिकेच्या औषधकोशाने हेपॅरिनच्या विहित कसोट्यांत अनुस्पंदन परीक्षेचा समावेश केला.

या घटनेचा बोध स्पष्ट आहे. भेसळ करणारा नेहमी कसोटी पाहून भेसळ करतो. दुधाची घनता पाहतात असे कळले, की तो पाण्याबरोबर साखरही घालतो. औषधाची केवळ शक्ती पाहतात असे कळले, की तो तशीच शक्ती दाखविणारा स्वस्त पदार्थ शोधतो. यास्तव 'किती आहे' या प्रश्नाला 'काय आहे' या प्रश्नाची जोड देणे अपरिहार्य आहे. अनुस्पंदन पद्धती हे दोन्ही प्रश्न एकदमच विचारते, हेच तिचे सामर्थ्य होय.

मर्यादांचे भान

म्हणून प्रत्येक तालुक्यात असे यंत्र बसवावे, असा आग्रह धरणे मात्र व्यवहार्य होणार नाही. यंत्र महाग, हेलियम दुर्मीळ आणि ते हाताळण्यास प्रशिक्षित माणूस हवा. इतर काही पद्धतींच्या तुलनेने ही पद्धत कमी संवेदनशील आहे. अत्यल्प प्रमाणातील अशुद्ध द्रव्य तिच्या नजरेतून सुटू शकते. ग्लिसरीनमधील डायएथिलीन ग्लायकॉल ०.१ टक्क्याहून अधिक नसावे, हे पाहण्यासाठी वायू वर्णलेखन हीच रूढ पद्धत आहे. दोन शिखरे एकमेकांवर चढली, तर हिशेब बिघडतो. केंद्रकांना एका लहरीनंतर पूर्ववत स्थिरावण्यास काही सेकंद लागतात. तेवढा विसावा न देता घाईने पुढची लहर सोडली, तर गणती कमी भरते. आणि तोलण्यात चूक झाली, तर कोट्यवधींचे यंत्रही ती दुरुस्त करू शकत नाही.

अलीकडे स्थायी चुंबकावर चालणारी, टेबलावर मावणारी आणि हेलियमची गरज नसलेली लहान यंत्रे निघाली आहेत. त्यांची तीक्ष्णता मोठ्या यंत्राइतकी नसली, तरी गोळीत मूळ औषध आहे किंवा नाही आणि अंदाजे किती आहे, हे सांगण्यास ती समर्थ आहेत. तथापि यंत्र लहान असो वा मोठे, त्याच्यापर्यंत नमुना पोहोचलाच नाही, तर ते काय करणार?

नमुना गावातून निघतो

येथे पंचायतीचे, शिक्षकांचे आणि कर्मचाऱ्यांचे काम सुरू होते. औषधे व सौंदर्य प्रसाधने अधिनियम, १९४० अन्वये औषध निरीक्षकास नमुना घेण्याचा अधिकार आहे. नमुन्याची वाटणी करून त्याचा एक भाग ज्याच्याकडून घेतला त्याच्यापाशी ठेवणे, एक शासकीय विश्लेषकाकडे पाठविणे, एक न्यायालयासाठी राखणे, अशी व्यवस्था कायद्याने घालून दिली आहे. हे नियम आरोपीच्याही संरक्षणासाठी आहेत आणि सत्याच्याही. परंतु याच अधिनियमाच्या कलम २६ ची माहिती फार थोड्यांना असते. विकत घेतलेले औषध विहित शुल्क भरून शासकीय विश्लेषकाकडून तपासून घेण्याचा अधिकार त्या कलमाने कोणाही व्यक्तीस, तसेच मान्यताप्राप्त ग्राहक संघटनेस दिला आहे. मात्र खरेदीची पावती घेण्याची सवय असली, तरच हा अधिकार उपयोगी पडतो.

औषधांचे कपाट कोरड्या, थंड जागी आहे काय, ज्याची मुदत आधी संपते ते औषध आधी वापरले जाते काय, वेष्टनावरील गट क्रमांक नोंदवहीत उतरविला जातो काय, हे प्रश्न आरोग्य केंद्राच्या भेटीत विचारण्यासाठी विज्ञानाची पदवी लागत नाही. एखाद्या गोळीने गुण येईनासा झाला, तिला चमत्कारिक वास आला, औषध दिल्यावर एकापेक्षा अधिक रुग्णांना सारखाच त्रास झाला, तर उरलेले औषध फेकून न देता वेष्टनासह जपून ठेवावे आणि अन्न व औषध प्रशासनास त्वरित कळवावे. सेंट लुईसच्या रुग्णालयाने यापेक्षा वेगळे काही केले नव्हते. काहीतरी बिनसले आहे, हे तेथील लोकांनी पाहिले, टिपून ठेवले आणि वेळेवर सांगितले. पुढचे काम चुंबकाने केले.

शिक्षकांनी आपल्या विज्ञानाच्या तासाला पॅरासिटॅमॉलचा तो हिशेब फळ्यावर मांडून दाखवावा. छापील आकड्यामागे एक मोजणी असते आणि ती मोजणी पुन्हा करून पाहता येते, एवढे जरी मुलांच्या मनावर ठसले, तरी उद्याचा नागरिक औषधाच्या दुकानातही, ज्वारी घेताना असतो तितकाच, जागरूक राहील.